फुल इंजिन करायचं की नुसतं हेड? गॅरेजला पैसे देण्याआधी केलेल्या तपासण्या: माझा अनुभव

गाडी २०१२ची, एक लिटरची, तीन सिलिंडरची हॅचबॅक. घेतली पेट्रोलवर, सीएनजी किट नंतर बसवलं. मीटरवर एक लाख अठरा हजार किलोमीटर. सकाळी पहिल्यांदा चालू केली की सायलेन्सरमधून निळसर धूर यायचा आणि थोड्या वेळात थांबायचा. इंजिन थंड असताना मिसिंग करायचं, जेव्हीएलआरच्या (मुंबईतला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) चढावर एसी बंद केल्याशिवाय दम धरायचं नाही, आणि हजार किलोमीटरमागे तीनशे मिलीच्या आसपास ऑइल पीत होतं. चेक इंजिनचा दिवा लागला तेव्हा स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्लग आणि कॉइल एक नंबरशी अदलाबदल करून पाहिले, कोड दोन नंबरवरच राहिला. म्हणजे दोष इग्निशनचा नव्हता.

गॅरेजचा निर्णय एका वाक्यात आला. “साहेब, इंजिन बसलंय, फुल इंजिन करावं लागेल, बासष्ट हजार.” अंदाजपत्रकात एकच ओळ होती आणि खाली आकडा.

इथे थांबून ‘फुल इंजिन’ म्हणजे नक्की काय, ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण हा शब्द प्रत्येक गॅरेजमध्ये वेगळा अर्थ घेऊन येतो. पूर्ण काम म्हणजे इंजिन खाली उतरवणं, सिलिंडर बोअर करून (आतून कापून किंचित मोठा करून) ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन-रिंग टाकणं (किंवा नवे स्लीव्ह बसवणं), क्रँक मोजून गरजेप्रमाणे ग्राइंडिंग, मेन आणि बिगएंड बेअरिंग, ऑइल पंप, टायमिंग चेन, आणि वर हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या झाकणाचं, सगळं. हाफ इंजिनमध्ये बोअरला हात न लावता रिंग, बेअरिंग आणि व्हॉल्व्हचं काम होतं. आणि तिसरा पर्याय, ज्याचं नाव क्वचितच आपणहून घेतलं जातं, तो म्हणजे नुसतं हेड. तिन्हींच्या खर्चात दुपटी-तिपटीचा फरक आहे, आणि त्यातलं कुठलं लागेल हे इंजिन उघडण्याआधी बऱ्याच अंशी कळू शकतं. म्हणून मी त्याच गॅरेजला सांगितलं की आधी तपासणीचे पैसे वेगळे घ्या. पंधराशे रुपये ठरले. बासष्ट हजारांपुढे ही रक्कम काहीच नाही, आणि तपासणीचे पैसे मिळाले की मेकॅनिकलाही घाई करावी लागत नाही.

पहिली चाचणी कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याची. ती नीट झाली नाही तर आकडे खोटे येतात. इंजिन चालवून गरम करायचं, सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, इंजेक्टरचे कनेक्टर काढायचे, तिन्ही कॉइल आणि तिन्ही प्लग बाहेर काढायचे. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. स्टार्टर मारताना अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबलेला हवा, नाहीतर थ्रॉटल बंद राहून हवाच आत जात नाही. काटा वाढायचा थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा फेरे, स्टार्टर चालवायचा. तिन्ही आकडे सारखेच कमी आले तर इंजिनला दोष देण्याआधी बॅटरी आणि थ्रॉटल तपासा. आमच्या गेजवर एक नंबर १६५ पीएसआय (दाबाचं एकक), दोन नंबर ९५, तीन नंबर १६० आले. गेजागणिक आकडा थोडा मागेपुढे होतो, म्हणून सिलिंडरमधला फरक पाहायचा. तो दहा-पंधरा टक्क्यांत असेल तर ठीक. इथे चाळीस टक्क्यांहून जास्त होता, तोही एकाच सिलिंडरमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असते तर संशय हेड गॅस्केटवर गेला असता.

मग ओली चाचणी. दोन नंबरच्या प्लगच्या भोकातून पाच-सात मिली इंजिन ऑइल टाकायचं आणि परत मोजायचं. ऑइल रिंगभोवती पसरून तात्पुरती सील धरतं, त्यामुळे रिंग झिजल्या असतील तर आकडा चांगलाच वर उडी मारतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर फारसा हलत नाही. जास्त ऑइल ओतू देऊ नका, चेंबरमधली जागाच भरली की आकडा उगाच वाढतो. आमचा ९५ वरून १०० झाला, बस. रिंगचा दोष नाही, हे इथे जवळपास ठरलं.

पक्कं झालं ते लीकडाउनने, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते पाहण्याच्या चाचणीने. दोन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणायचा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा म्हणजे हवेच्या दाबाने क्रँक फिरत नाही, क्रँकच्या बोल्टवरचा पाना आधी काढून ठेवायचा (दाबाने इंजिन फिरलं तर तो हात मोडतो), आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. कॉम्प्रेशन गेजचीच नळी वापरत असाल तर तिच्या टोकातला छोटा वनवे व्हॉल्व्ह काढावा लागतो. मग फक्त कान द्यायचा. ऑइल भरायच्या तोंडातून हवा जोरात आली तर रिंग, थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा. आमच्याकडे सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर वारा स्पष्ट लागत होता, आणि फुस्स आवाज गॅरेजच्या दारापर्यंत येत होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. नंतर कॅमेऱ्याची नळी आत घालून पाहिलं तर बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यातल्या घासकामाच्या) तिरप्या रेघा अजून दिसत होत्या, उभे ओरखडे नव्हते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच का, याचं कारण सीएनजीत आहे. पेट्रोलचे थेंब इनटेकमध्ये वाफ होताना थोडी उष्णता शोषतात; गॅस आधीच वायू असल्यामुळे हा गारवा मिळत नाही, आणि कोरड्या जळणात व्हॉल्व्हची सीट हळूहळू खचते. सीट खचली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली जागा) कमी होते. ज्या इंजिनात ही फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, तिथे ती कोणी मोजली नाही तर एक दिवस ती संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसायचाच थांबतो. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकणंच थांबलं की त्याची कड जळते. दोन नंबरच्या एक्झॉस्टची फट मोजली तेव्हा ०.१० मिलिमीटरचं पातंसुद्धा मुश्किलीने जात होतं. सकाळच्या निळ्या धुराचं कारण वेगळं पण शेजारचंच: व्हॉल्व्ह सीलचं रबर कडक झालेलं, रात्रभर ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरायचं. धूर फक्त चालू करताना येऊन थांबत असेल तर सील, आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा येत असेल तर रिंग, असा ढोबळ हिशेब आहे. गोडसर वासाचा पांढरा धूर असेल तर कूलंट जळतंय.

मुंबईत आणखी एक प्रकार वेगळा धरावा लागतो. पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि कोणी तशीच स्टार्टर मारली असेल, तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे हेडकामाने काही होत नाही, खालचं उघडावंच लागतं. विम्यात इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर हा खर्च बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो.

तर इंजिनचा प्रश्न सुटला, पण पैसे घालायचे का, हा प्रश्न अजून तसाच होता. माझं ठाम मत आहे की जुन्या गाडीचा निर्णय इंजिनवर नव्हे, पत्र्यावर होतो. इंजिन कितीही वेळा करता येतं. खालचा सांगाडा गंजला की त्यावर केलेला सगळा खर्च वाया. खाऱ्या हवेत उघड्यावर उभी राहणारी आणि दर पावसाळ्यात पाण्यातून जाणारी गाडी आतून सडते, वरचा रंग चकचकीत असला तरी. गाडी लिफ्टवर घेतली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेक जागा ठोकत गेलो. दाराखालची पट्टी, तिच्या टोकाचे जॅक लावायचे भाग, पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर, मागच्या स्प्रिंगच्या बैठका, इंजिनखालचा क्रॉसमेंबर, ब्रेकच्या लोखंडी नळ्या. चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि पापुद्रे सुटतात. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून फ्लोअर हाताने दाबून पाहिला, तिथे ओल नव्हती. डाव्या दाराखालच्या पट्टीला मागच्या टोकाशी तळहाताएवढा गंज निघाला, पण तो कापून तुकडा वेल्ड करता येण्याजोगा होता. टॉवर किंवा क्रॉसमेंबर सडलेला निघाला असता तर मी गाडी भंगारात दिली असती आणि हेडवर एक रुपया घातला नसता.

त्याच लिफ्टवर पुढच्या दोन वर्षांत काय निघेल, त्याची यादी केली: क्लच अजून चालेल, लोअर आर्मचे बुश गेलेले, पुढचे टायर वर्षभराचे. याखेरीज कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे ही २०२७मध्ये नूतनीकरणाला जाणार. ते पाच वर्षांसाठी होतं, आणि १ एप्रिल २०२२पासून मोटारीसाठी त्याचं शुल्क ५,००० रुपये आहे, वर पर्यावरण कर. सीएनजीच्या सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी. १ एप्रिल २०१९पूर्वीची गाडी असल्यामुळे एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटीही. हे सगळं हेडच्या खर्चात मिळवून पाहिलं.

लोक दुरुस्तीचा आकडा गाडीच्या बाजारभावाशी लावून पाहतात. मला तो हिशेब अपुरा वाटतो. गाडीला सव्वा-दीड लाख मिळाले असते हे खरं, पण तेवढ्याच पैशात घेतलेल्या दुसऱ्या जुन्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, पत्रा यातलं काहीच मला माहीत नसतं. तुलना करायची ती आपल्या माहितीतल्या गाडीची दुरुस्तीनंतरची अवस्था आणि तेवढ्याच एकूण पैशात बाजारात मिळणारी गाडी, यांची.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं इंजिन आणून बसवण्याचा सल्लाही मिळाला. जमिनीवर पडलेल्या इंजिनचं कॉम्प्रेशन विश्वासाने मोजता येत नाही, ते किती चाललंय ते विकणाराच सांगणार, आणि इंजिन क्रमांक बदलला की आरसीवर नोंद करून घ्यावीच लागते. त्यासाठी ज्या गाडीतून ते निघालं तिची कागदपत्रं आणि बिल हवं. ते नसेल तर चोरीच्या गाडीचा भाग आपल्या दारात उभा राहण्याची भीती. तो पर्याय सोडला.

मग हेडचं अंदाजपत्रक ओळीओळीने लिहून घेतलं: सहा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह २,१००, बारा सील ९००, पॅकिंग सेट २,८००, हेड बोल्ट १,२००, लेथवर सीट कटिंग, फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) आणि प्रेशर टेस्ट मिळून ४,५००, टायमिंग चेन किट ५,५००, वॉटर पंप १,९००, ऑइल-फिल्टर १,६००, कूलंट ९००, मजुरी ८,०००. एकूण २९,४००. पार्ट नंबर लिहून घेतल्यामुळे ऑपेरा हाऊसच्या दुकानांत भाव पडताळता आले. फरक किरकोळ होता, म्हणून पार्ट गॅरेजकडूनच घेतले, म्हणजे बिघाड झाला तर जबाबदारी एकाच माणसाची राहते. चेन आणि वॉटर पंपची त्या घडीला गरज नव्हती, पण त्यांच्यासाठी नंतर तीच मजुरी पुन्हा पडली असती.

“वरचं केलं की खालचं बोलतं,” असं मेकॅनिक म्हणतात, आणि झिजलेल्या इंजिनात ते खरं आहे: वरची गळती बंद होऊन दाब वाढला की थकलेल्या रिंग ऑइल ओढू लागतात. म्हणून अट घातली की हेड उतरल्यावर काम थांबवायचं आणि माझ्यासमोर बोअर मोजायचे. बोअरगेजने वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांना मोजलं. सर्वांत जास्त फरक ०.०३ मिलिमीटर निघाला, आणि वरच्या कडेला नखाला लागेल अशी पायरी नव्हती. हा फरक ०.१० मिलिमीटरच्या पुढे गेला असता तर बोअरिंगची बोलणी तिथेच सुरू करायची होती, आणि तोवरच्या उतरवण्याच्या मजुरीचा आकडाही आधीच ठरलेला होता.

हेड बिघडतं ते बहुतेक वेळा घाईने. बोल्ट इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, बाहेरून आत या क्रमाने सैल करायचे, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. घट्ट करताना क्रम उलटा, मधून बाहेर, टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने आणि शेवटी कोनात. ताणले जाणारे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते बाराशे रुपये वाचवायला गेलं की गॅस्केट पुन्हा फुंकतं. स्ट्रेट एज आणि फीलर गेजने हेडची सपाटी पाहिली तर ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक होता, म्हणून फेसिंग केलं. ब्लॉकच्या पृष्ठावरचं जुनं पॅकिंग ग्राइंडरच्या डिस्कने घासू दिलं नाही, प्लास्टिकच्या खरवडणीने काढून घेतलं. डिस्कची बारीक कच ऑइलच्या भोकांत उतरली तर बेअरिंग खाते.

जोडणीनंतर तिन्ही सिलिंडर १६५ ते १७० पीएसआयमध्ये आले. जुने व्हॉल्व्ह आणि बोल्ट परत मागून घेतले. दोन नंबरच्या एका व्हॉल्व्हच्या कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा जळून गेलेला होता. पैशांपैकी पाच हजार रुपये, गाडी पाचशे किलोमीटर चालल्यावर द्यायचे ठरले होते. तोवर ऑइलची पातळी दर आठवड्याला डिपस्टिकवर पाहिली, कूलंट थंड इंजिनवर पाहिलं, आणि पातळी हलली नाही तेव्हा उरलेली रक्कम दिली. हजार किलोमीटरला ऑइल बदललं. आता गाडी पेट्रोलवर चालू करून गरम झाल्यावरच गॅसवर टाकतो, आणि टॅपेटची फट दर २०,००० किलोमीटरला मोजून घेतो. त्या मोजणीला गॅरेजवाला सातशे रुपये घेतो.