रंगावर जाऊ नको

मार्चमध्ये आमच्याकडं, वसमत तालुक्यात, हळद शिजवून अंगणात वाळत पडलेली असते. राखणीला मी आणि आई ओट्यावरच झोपतो. त्या रात्री लाईट गेलेली. मोबाईलच्या उजेडात माझं चाललेलं बघून आई म्हणाली, "काय करायलीस गं इतक्या राती?"

"दीर्घिका निवडायली."

"निवडायली म्हंजे? खडे काढायलीस का?"

तसं बघितलं तर तेच. जुलै २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या ख्रिस लिंटॉट आणि केविन शाविन्स्की या खगोलशास्त्रज्ञांनी 'स्लोन' या आकाशाच्या सर्वेक्षणातले सुमारे ९ लाख दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांचे, फोटो 'गॅलॅक्सी झू' या वेबसाइटवर लोकांपुढं ठेवले. शाविन्स्कीनं स्वतः ५० हजार बघून झाले होते, पुढं एकट्यानं जमणार नव्हतं. प्रश्न सोपा होता: ही गुळगुळीत लंबगोल आहे की भुजा फिरलेली सर्पिल? पहिल्याच वर्षात दीड लाख माणसांनी ५ कोटींवर उत्तरं दिली. 'गॅलॅक्सी झू' आजही चालू आहे. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून घरी आले की मीही त्यात थोडी भर घालते.

मला या कामाकडं ओढलं ते खगोलशास्त्रज्ञ प्रा. कॅरेन मास्टर्स यांच्या संशोधनानं. पदवी ऑक्सफर्डची, पीएच.डी. कॉर्नेलची, मग हार्वर्ड, पोर्ट्समथ आणि आता अमेरिकेतलं हेवरफर्ड कॉलेज. बाकी पदं-बिदं सोडा, त्यांची लाल सर्पिलांची गोष्ट मात्र मी वर्गात दरवर्षी सांगते.

सर्पिल दीर्घिकेत नवे तारे जन्मत असतात. तरुण, तापलेले तारे निळे, म्हणून ती निळसर दिसते. लंबगोल दीर्घिकेतले तारे म्हातारे, म्हणून ती तांबूस. त्यामुळं लाखो फोटो हाताळताना आकार कोण बघत बसणार? रंग मोजायचा, लाल ते लंबगोल, निळं ते सर्पिल, असा शॉर्टकट चालायचा. पण झूच्या लोकांनी रंगाचा विचार न करता आकार सांगितला आणि त्यातून व्यवस्थित भुजा असलेल्या, तरीही लाल, अशा दीर्घिका वर आल्या. मास्टर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्यांचा अभ्यास मांडला: तारे जन्मायचं खूप मंदावलंय, पण आकार मोडलेला नाही.

आईला हे एवढं लांबण लावून सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मंग? पालिश केल्यावर सगळीच हळद पिवळी दिसती. रंगावर जाऊ नको माय, मोडून बघाव लागतं." मोंढ्यात ती हळकुंड हातात घेऊन काटकन मोडते. आवाज ऐकते, आतला गाभा बघते, मगच भावाचं बोलते.

मग मोबाईल तिच्याकडं दिला. हळदीचा अंगठा स्क्रीनवर उमटला. एका तांबूस दीर्घिकेवर मी 'भुजा आहेत' म्हणून पुढं सरकणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. मधी दांडा हाय की ह्याला."

होता! केंद्रातून आरपार गेलेला ताऱ्यांचा पट्टा, मला दिसलाच नव्हता. मास्टर्स यांच्याच २०११ च्या अभ्यासात १३,६६५ तबकडीसारख्या चपट्या दीर्घिकांपैकी साधारण ३० टक्क्यांत असा दांडा होता, आणि तांबूस तबकड्यांत तो जास्त. दांडा वायू केंद्राकडं ओढतो. ताऱ्यांचं उत्पादन बंद पडण्यात त्याचा हात असावा, असा एक अंदाज आहे.

चुकलं तर? मी आधी फार घाबरायचे. पण एकच फोटो कितीतरी जण बघतात, आणि डोळ्यांची खोड सुद्धा तपासली जाते. सुरुवातीला डावीकडं फिरणाऱ्या सर्पिलांची संख्या जास्त भरली. विश्वालाच डावी बाजू प्यारी की काय! मग झूच्या शास्त्रज्ञांनी काही फोटो आरशासारखे उलटे करून दाखवले. तरीही लोकांनी डावंच जास्त निवडलं. खोट आकाशात नव्हती, आपल्यात होती. हे वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले होते.

आता यंत्रंही हे काम शिकलीत, पण शिकलीत ती लोकांच्या उत्तरांवरूनच.

"ह्याचे पैसे किती देतेत?" आईनं विचारलं.

"काहीच नाही."

"आन् त्या मॅडमला?"

"त्यांना पगार असतो."

"हां," म्हणाली आणि कुशीवर वळली. जरा वेळानं अंधारातून आवाज आला, "दांड्याचं लिहिलंस का पण?"