मामी बोलल्या म्हणून कळलं

हळदीचा हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डाच्या आसपासच्या दवाखान्यांत दोन तक्रारी घेऊन माणसं येत राहतात, कंबर आणि पित्त. सांगलीत माझा दवाखाना यार्डापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे हमाल, तोलाईवाले, दिवाणजी सगळे माझ्याकडेच येतात. सकाळी उपाशीपोटी चहा आणि तंबाखूची चिमूट, सौदे लांबले की दुपारचं जेवण तीनला, रात्री उशिरा झणझणीत कालवण-भाकरी, आणि अंग मोडून आलेलं असतं म्हणून हात धुतल्या धुतल्या अंथरुणावर. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. भरल्या पोटी आडवं झालं, कंबर आवळून बांधून वाकलं, तंबाखू खाल्ली की ती सैल पडते किंवा तिच्यावर खालून दाब येतो, आणि जठरातलं आम्ल वर चढतं. जठराला त्या आम्लाची सवय असते, अन्ननलिकेला नसते.

मार्च महिना होता. संध्याकाळी गर्दी ओसरत आली असताना पंचावन्नच्या पुढचे एक हमाल मामा आले, सोबत मामी. मामा नेहमीचे, पण येणं क्वचित. म्हणाले, "मॅडम, छातीत लई जळजळतंय. ते पित्ताचं इंजेक्शन द्या, सकाळी माल भरायचाय."

या वयात छातीत जळतंय म्हटल्यावर मी पित्ताचा विचार नंतर करते. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका कितीतरी वेळा पित्त म्हणूनच अंगावर काढला जातो. ईसीजी काढला, बसवून ठेवलं, थोड्या वेळानं पुन्हा काढला. दोन्ही ठीक. घाम नाही, दम नाही. मग विचारलं, पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना दुखतं का? "न्हाय. चढताना काय न्हाय. पोतं खाली टाकाय वाकलो की घशापतूर आंबट पाणी येतंय." असं नेमकं उत्तर फार कमी पेशंट देतात. हृदयाचं दुखणं बहुधा चढताना उठलं असतं, हे वाकल्यावर उठत होतं.

त्यांनी खिशातून गोळ्यांच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. एक पित्ताची कॅप्सूल, तिच्यात आम्ल कमी करणारं पँटोप्रॅझोल आणि मळमळ-उलटीवरचं डोमपेरिडोन. दुसरी डायक्लोफेनॅक, कंबरेसाठीची वेदनाशामक गोळी. दोन्ही दुकानातून, चिठ्ठीशिवाय, कित्येक वर्षं. पित्ताची कॅप्सूल रात्री जेवण झाल्यावर, जळजळ सुरू झाली की. जास्तच झालं तर पाण्यात फसफसणारी पावडर.

इथंच मी औषध लिहून दिलं असतं, तर ते उठून गेले असते आणि कुणाला काही वावगं वाटलं नसतं. पण मामी खुर्चीवरून उठेनात. म्हणाल्या, "मॅडम, ह्ये भाकरी खाईनात. मी दुधात कुस्करून देते."

"गप की," मामा म्हणाले. "दाढ दुखतीया."

"दाढ न्हाय. घास हितं अडकतोय." मामींनी स्वतःच्या छातीच्या मधोमध, हाडावर बोट टेकवलं. "मग पाणी पितात, उभं राहतात. पयलं भाकरीचं व्हायचं, आता भातबी अडकतोय."

मी जुना केसपेपर काढला, मामांना काट्यावर उभं केलं. वजन चांगलंच उतरलं होतं.

जळजळ आणि घास अडकणं या दोन गोष्टी एका पायरीवरच्या नाहीत. नुसती जळजळ असेल तर औषध देऊन काही आठवडे वाट बघता येते. पण घास अडकतोय, वजन घटतंय, रक्ताची उलटी झाली, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, रक्त कमी झालंय, यातलं एक जरी असलं तरी गोळी बदलत बसायचं नाही, दुर्बिणीनं आत बघायचं. आधी घट्ट अन्न अडकायचं आणि मग मऊही अडकू लागलं, याचा अर्थ नळीची वाट बारीक होत चालली होती. ती कशानं, हे बाहेरून सांगता येत नाही. माझ्या मनात कॅन्सर होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. "आत बघितल्याशिवाय मी गोळी देणार नाही" एवढंच सांगितलं.

"हंगाम झाला की जातो," मामा म्हणाले. हंगामातली रोजची कमाई म्हणजे वर्षभराचं घर, हे मला कळतं. त्यांच्यासमोरच मिरजेच्या पोटविकारतज्ज्ञांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेतली. मामींना बजावलं, रात्री लवकर पातळ काहीतरी द्या, मग पाणीसुद्धा विचारल्याशिवाय नाही.

सकाळी मीही गेले. घशात बधिर करणारा फवारा मारून दुर्बीण आत गेली. वरचा भाग छान फिकट गुलाबी होता. खाली जाता जाता लाल ओरखडे दिसू लागले, त्यांवर पांढरट साय धरल्यासारखी जखम, आणि जठराच्या जरा वर नळी आवळून एवढीशी झालेली. दुर्बीण तिथून पुढे जाईना. डॉक्टरांनी तुकडे तपासणीला घेतले. रिपोर्ट येईपर्यंत मामी रोज दवाखान्याच्या दारात येऊन काही न बोलता उभ्या राहायच्या.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. आम्लानं वर्षानुवर्षं भाजून झालेल्या जखमा, त्या भरताना आखडत गेलेली नळी. फुग्यानं ती रुंद केली. पुढे दुर्बीण खाली गेली तेव्हा हायटस हर्नियाही दिसला, म्हणजे जठराचा थोडा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला.

मामांचा प्रश्न साधा होता. "मग मी गोळी खात हुतो ती काय कामाची?" गोळी चुकीची नव्हती, वेळ चुकीची होती. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल ही औषधं आम्ल तयार करणारे पंप बंद करतात, आणि ते पंप जेवणानं जागे होतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास पोटात जावी लागते. जेवल्यावर, जळजळ उठल्यावर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. शिवाय तिचा पूर्ण जोर यायला काही दिवस सलग घ्यावी लागते. लगेच आराम हवा असेल तर अँटासिड किंवा अल्जिनेटचं पातळ औषध. अल्जिनेट अन्नावर तरंगणारा थर धरतं आणि आम्लाला वर येऊ देत नाही. फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम भरपूर असतं, बीपीच्या माणसानं ती रोज पिऊ नये. डोमपेरिडोनचं तर मला फार वाईट वाटतं. जळजळीच्या प्रत्येक पेशंटला त्याची गरज नसते, आणि काहींच्या हृदयाच्या ठोक्यांत ते गडबड करू शकतं, तरी ते पित्ताच्या कॅप्सूलमधून सर्रास पोटात जातं.

रॅनिटिडिन या पित्ताच्या जुन्या गोळीचं विचारणारेही अजून भेटतात. अमेरिकेत 2020 साली ते बाजारातून काढायला लावलं, आपल्याकडे 2022 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. त्या गटातलं लागलंच तर मी फॅमोटिडिन लिहिते.

आणि ती डायक्लोफेनॅक. एकीकडे आम्लानं जखम होत होती, दुसरीकडे ही गोळी आतल्या अस्तराला आणखी दुखवत होती. जखम भरायला वावच मिळाला नाही. ती मी त्याच दिवशी बंद केली. कंबरेसाठी पॅरासिटामॉल, शेक आणि व्यायाम, एवढ्यावर भागवतोय. मुकादमांशी मी स्वतः बोलले, काही दिवस मामांना पोती उचलण्याऐवजी ती शिवायचं काम मिळालं.

घरी काय करायचं ते मामींनाच सांगितलं, मामांना सांगून उपयोग नव्हता. रात्रीचं जेवण आठच्या आत, झोपायच्या आधी तीन तासांचं अंतर. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून सहा-आठ इंच उंची. उशांची चळत नको, तिनं पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर येतं. डाव्या कुशीवर झोपायचं. कमरेचा पंचा सैल. तंबाखू बंद. यातलं तंबाखू सोडून सगळं झालंय, तंबाखू कमी झालीय असं मामा म्हणतात आणि मामी मान हलवतात.

नळी पुन्हा थोडी आवळली, तेव्हा एकदा परत रुंद करावी लागली. ऑपरेशनचंही तज्ज्ञांनी समजावलं, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप घट्ट करतात, दुर्बिणीतून होतं. मामांना सध्या तरी नको आहे.

परवा मामी एकट्याच आल्या होत्या. "गोळी जलमभर घ्यायची का वो? शेजारीण म्हणती हाडं ठिसूळ हुत्यात." साध्या जळजळीला ही गोळी साधारण आठ आठवडे देऊन कमी करत थांबवायची असते, नुसती सवय म्हणून वर्षानुवर्षं नाही. लांब चाललेल्या गोळीनं बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडांचा धोकाही थोडा वाढलेला दिसतो. पण नळी आवळलेल्या माणसानं गोळी सोडली तर ती पुन्हा आवळते. म्हणून मामांना ती चालूच राहणार. त्यांचं बी-12 तपासायला मी चिठ्ठी लिहून दिली आणि पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या म्हणाले.