फळ्यावरचे न जुळलेले वर्तुळ

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असे संपादक मंडळाचे पत्र आले आणि मला आधी आठवला तो दहावी ‘अ’चा फळा. सरांचे नाव लिहिण्याची गरज नाही. आपल्या शाळेत नुसते ‘सर’ म्हटले की कोण, हे माझ्या पिढीच्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकवून झाला होता. एकसमान चुंबकीय क्षेत्रात काटकोनात शिरलेला प्रभारित कण वर्तुळात फिरतो, हेही सरांनी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन सांगितले होते. ‘आणि क्षेत्र सगळीकडे सारखे नसेल तर?’ असे विचारून त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली, रेघेच्या वर क्षेत्र प्रबळ आणि खाली क्षीण असे ठरवले, आणि खडू माझ्या हाती दिला. प्रबळ क्षेत्रात वळण घट्ट, क्षीण क्षेत्रात सैल, एवढाच आधार होता. मी वर लहान अर्धवर्तुळ काढले, खाली मोठे काढले, आणि टोके काही जुळेनात. ती जुळावीत म्हणून मी खालचे अर्धवर्तुळ दाबून चपटे केले, तेव्हा सगळा वर्ग हसला. सर तेवढे हसले नाहीत. ‘जुळवू नकोस, पुढे काढत जा,’ म्हणाले. वेटोळ्यामागून वेटोळे डावीकडे सरकत फळ्याच्या चौकटीला जाऊन टेकले. मग इलेक्ट्रॉनसाठी उलटा फेरा घ्यायला लावला, तर वेटोळी उजवीकडे निघाली. तास संपल्यावरही त्यांनी फळा पुसू दिला नाही, त्यामुळे भूगोलाच्या बाईंना नकाशा खिडकीला टांगावा लागला.

त्याच वर्षी सरांनी आम्हाला अलिबागची चुंबकीय वेधशाळा दाखवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ साली कुलाब्याहून तिकडे हलवलेली. फळ्यावरच्या वेटोळ्यांसारखेच पृथ्वीभोवती अडकलेले प्रोटॉन पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकतात, त्यातून वलयाकार प्रवाह वाहतो आणि चुंबकीय वादळात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात मोठी खळबळ होते तेव्हा, तो वाढला की इथले क्षितिजसमांतर क्षेत्र घटते, हे त्यांनी अंगणात उभे राहून समजावले. सप्टेंबर १८५९च्या वादळात कुलाब्याला ही घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला नोंदली गेली. ती सगळीच या प्रवाहामुळे झाली का, याबद्दल अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. सरांनी मात्र तेव्हाही ‘बहुधा’ हा शब्द वापरला होता.

पुढे माझी उमेदीची वर्षे गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत, ‘आदित्य’ या १९८९ साली सुरू झालेल्या टोकामॅकच्या सान्निध्यात गेली. टोकामॅक म्हणजे प्लाझ्मा, अर्थात सुट्या आयन-इलेक्ट्रॉनांचा तप्त वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडणारे यंत्र. कड्याच्या आकाराच्या त्या यंत्रात आतल्या बाजूला क्षेत्र प्रबळ आणि बाहेर क्षीण असते, म्हणजे सरांची आडवी रेघच उभी केलेली. आयन एका दिशेला, इलेक्ट्रॉन दुसऱ्या दिशेला, एक वर तर एक खाली सरकतात, त्यांच्यात विद्युत क्षेत्र तयार होते आणि ते सारा प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीकडे लोटते. म्हणूनच प्लाझ्मातून विद्युतप्रवाह सोडून क्षेत्ररेषांना पीळ द्यावा लागतो. पहिल्या दिवशी हे ऐकताना माझ्या बोटांना खडू लागल्यासारखे वाटले.

गेल्या वर्षी शाळेत आलो तेव्हा त्या खोलीत डिजिटल फलक होता आणि त्यावर कण फारच सुबक फिरत होता. मला ते आवडले नाही, हे वयाचे लक्षण समजावे. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना मी अजून आधी फळ्यावर दोन अर्धवर्तुळे काढायला लावतो. बहुतेक जण खालचे चपटे करतात.