तिसऱ्या प्रकरणातली मुलगी

घराण्याच्या शापावरची कादंबरी संपादनाला आली की मी आधी वंशावळ मांडते. मोठा कागद, वर मूळपुरुष, खाली पिढ्या. प्रत्येक नावासमोर जन्म, मृत्यू आणि त्याच्या वाट्याला काय आलं ते. लेखक कितीही कसलेला असो, चार पिढ्यांचा हिशेब डोक्यात राहत नाही. कुणी बाप गेल्यावर तीन वर्षांनी जन्मतो, कुणी पुरल्यानंतर दोन प्रकरणांनी जेवायला बसलेला सापडतो.

त्या दिवशी टेबलावर होती ती संहिता मात्र चोख होती. जहाजांच्या व्यापारावर मोठं झालेलं घराणं, तळघरात एक बंद खोली आणि दर पिढीत थोरल्याच्या हाती येणारी किल्ली. किल्ली घेतली की भरभराट, आणि तिची किंमत कुणीतरी जिवाने मोजायची. लेखिका ताईंनी फार ताकदीने लिहिलं होतं. दोन्ही वाचनांच्या रात्री मी दिवा चालू ठेवून झोपले होते. अठरा फर्मे, 288 पानं. दुसऱ्या दिवशी छपाईला जायची होती.

दुपारी वंशावळीचा शेवटचा रकाना भरायला घेतला: ‘किंमत कुणी मोजली’. पहिल्या पिढीत धाकटा भाऊ. दुसऱ्या पिढीत बायको. तिसऱ्या पिढीत... पेन्सिल तिथेच थांबली. मला आठवेना. पानं उलटत मागे गेले आणि 61व्या पानावर एक वाक्य सापडलं: ‘त्या रात्री स्वयंपाकघरातली पोर दिसेनाशी झाली, महिन्याभरात अडकलेली तिन्ही जहाजं बंदराला लागली.’

एवढंच. नाव नाही, वय नाही, शोधायला कुणी आलं का तेही नाही. पुढच्या 227 पानांत तिचा उल्लेखही नाही. मी ते वाक्य दोनदा वाचून पुढे गेले होते. समासात टीपसुद्धा केली होती, अर्धविरामाबद्दल. ती टीप पाहून माझे हात गार पडले.

ताईंना फोन लावला. “तिसऱ्या प्रकरणातली ती मुलगी कोण हो?”

“कुठली मुलगी?”

वाक्य वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “मला खोलीच्या प्रसंगाकडे जायची घाई होती. जहाजं परत आणायची होती, म्हणून कुणीतरी हवं होतं.” आणि आपलंच बोलणं कानावर पडल्यासारख्या थबकल्या. “अहो, हे तर त्या घरातला माणूस बोलेल असं बोलले मी.”

या प्रकारच्या कथांचं मूळ दुखणं तिथेच असतं, असं मला मनापासून वाटतं. 1764 साली इंग्रज लेखक होरेस वॉलपोलच्या ‘द कासल ऑफ ओट्रांटो’ या कादंबरीत आजोबांनी विष घालून बळकावलेली गादी नातवाच्या अंगाशी येते, तेव्हापासून हे कथानक चालत आलं आहे. पण मला जास्त जवळचा वाटतो अमेरिकन कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्न. 1692च्या, अमेरिकेतल्या सेलम गावच्या चेटूक खटल्यांत त्याचा पूर्वज न्यायाधीश होता, आणि 1851मध्ये त्याने ‘द हाऊस ऑफ द सेव्हन गेबल्स’ लिहिली. तिथे बलाढ्य कर्नल ज्याची जमीन गिळतो, तो मॅथ्यू मॉल चेटकाच्या आरोपावरून फासावर जातो. पण त्याचं नाव पुस्तकभर घुमत राहतं, आणि शेवटी त्याचा वंशज त्याच घरात भाडेकरू म्हणून राहत असल्याचं उघड होतं. बळी गेलेल्याला नाव आहे म्हणून तर त्या घराच्या भिंतींना वजन आहे.

ताईंनी लगेच उपाय सुचवला: मुलीला शेवटी भूत म्हणून परत आणू. मी कडाडून विरोध केला. म्हणजे पुन्हा आपल्याला हवं तेव्हा तिला कामाला लावायचं. तीन तास बोललो, दोनदा आवाजही चढले. अखेर ठरलं ते असं. शेवटच्या पिढीतल्या वारसदार मुलीला नोकरांच्या पगाराची वही सापडते. एका नावापुढे महिन्याचे आकडे ओळीने येतात आणि एका महिन्यापासून रकाने कोरे. नाव कुणी खोडलेलंही नाही, तेवढीही तसदी घेतलेली नाही. ती ते नाव मोठ्याने वाचते. वही मिटते. आणि तरीही किल्लीसाठी हात पुढे करते.

आधीच्या मसुद्यात ती अजाणता फसत होती. आता सगळं कळूनही ती किल्ली घेते. मला त्या हाताची जितकी भीती वाटली तितकी तळघरातल्या कशाचीच वाटली नव्हती.

छपाई आठ दिवस पुढे गेली. प्रकाशक रागावले, ते मी ऐकून घेतलं.

रात्री साडेअकराला ताईंचा मेसेज आला. मुलीचं नाव, वय नऊ, आणि खाली आईचं नाव. वंशावळीचा कागद परत उघडला. रकान्यात नाव बसलं, पण आईला कुठे लिहू? त्या कागदावर सगळ्या रेघा एकाच घराण्याच्या होत्या. मग त्याच्या कडेला दुसरा कागद चिकटवला आणि तिथून नवी रेघ ओढली.