भाकरीतली तीन पानं

‘तोंड आलंय’ हे वाक्य आमच्या सासवडच्या दवाखान्यात रोज कानावर पडतं. बहुतेक वेळा कारणही ठरलेलं: तंबाखू, मिश्री, दाताचं टोक, नाहीतर नवी कवळी. त्या दिवशी आलेल्या बाईंना यातलं काहीच नव्हतं. हायस्कुलात विज्ञान शिकवतात. पण ओठ सुजलेले, जिभेच्या कडा सोलल्यासारख्या लालभडक, पापण्यांवरही पुरळ.

“काही नवीन औषध चालू केलंय का?”

“औषध नाही हो डॉक्टर, झाडपाला. अर्धशिशीवर. नऊ दिवस झाले.”

फोनवर त्यांनी वाचलं होतं, की इंग्लंडात फीव्हरफ्यू नावाच्या झाडाची दोन-तीन पानं लोक रोज ब्रेडमध्ये घालून खातात आणि मग अर्धशिशी कमी येते. यात खोटं काही नाही. १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, आधीपासून ही पानं खाणाऱ्या १७ जणांवरचा एक छोटा प्रयोग छापून आला होता. पानांच्या जागी खोट्या कॅप्सूल मिळालेल्यांची डोकेदुखी वाढली. (लेखकांत एक ‘कदम’ आहेत, हे मला उगाचच आवडतं.)

त्या झाडाचं शास्त्रीय नाव टॅनासेटम पार्थेनियम. बाईंनी नुसतं ‘पार्थेनियम’ शोधलं. बारीक पांढरी फुलं, कातरलेली पानं... हे तर शाळेच्या कुंपणालाच माजलेलं! मग रोज सकाळी भाकरीत तीन पानं.

त्यांनी पिशवीतून एक फांदी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी खुर्ची मागे सरकवली. गाजरगवत!

“बाई, शाळेच्या हजेरीपटासारखं आहे हे. शास्त्रीय नावात आडनाव आधी. तुमच्या औषधाचं नाव पार्थेनियम, आणि याचं आडनाव पार्थेनियम.”

त्या हसल्या आणि लगेच कळवळल्या. अंगाला लागलं तरी खाज सुटणारं, दमा उठवणारं हे गवत पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. ते उपटताना आपण हातमोजे घालतो आणि बाई नऊ दिवस चावून खात होत्या.

पानं बंद केली, तोंडात लावायचं स्टेरॉइडचं मलम दिलं, पापण्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे धाडलं. अर्धशिशीसाठी फिजिशियनकडे चिठ्ठी दिली. अर्धशिशी येऊच नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या असतात, हे वीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, याचा मला खरा राग आला.

पंधरा दिवसांनी तोंड स्वच्छ. उठता उठता म्हणाल्या, “पण डॉक्टर, ते खरं फीव्हरफ्यू कुठल्या नर्सरीत मिळेल?”

“ते चावणाऱ्यांनासुद्धा तोंड येतं, बाई. साधारण दहातल्या एकाला.”

“एकालाच ना?” म्हणाल्या, आणि चपला घालू लागल्या.