आमिष आधी की इच्छा आधी?

१९ ऑक्टोबर १९८२. लॉस एंजेलिसच्या हॉटेलात छुपा कॅमेरा चालू, समोर कोकेन, आणि कंपनी बुडायला आलेला अमेरिकी मोटार-उद्योजक जॉन डिलोरियन त्याची तुलना चक्क सोन्याशी करतोय.

एवढं चित्रीकरण असूनही १९८४ मध्ये ज्यूरीने त्याला आठही आरोपांतून निर्दोष सोडलं.

खटकतं ते हेच. सौद्यातला खबऱ्या सरकारचा, बँकर बनून आलेला माणूस एफबीआयचा! अमेरिकी कायद्यात सापळ्याचा बचाव (‘सरकारनेच मला गुन्ह्यात ओढलं’ हा दावा) दोन गोष्टींवर उभा राहतो: सरकारने उद्युक्त केलं का, आणि आरोपीची तयारी आधीपासून होती का. टेपमध्ये फक्त शेवट दिसतो.

उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ डनमरीला बनलेल्या त्याच्या जेमतेम ९,००० गाड्या. बिनरंगाचं स्टेनलेस स्टील. ओरखडा धातूच्या रेषांच्या दिशेने घासून निघतो, पण पोचा पुट्टी भरून, रंग मारून झाकता येत नाही.

बुडत्या माणसापुढे सरकारनेच आमिष धरावं का?