काना ते कफर्णहूम : एका शब्दाच्या भरवशावरची पायी वारी

येशू जिथे वाढला ते नासरेथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर उंचीवर आहे, तर गालीलचा समुद्र, जो खरे पाहता गोड्या पाण्याचे सरोवर आहे, समुद्रसपाटीच्याही सुमारे २१० मीटर खाली आहे. त्यामुळे नासरेथहून सरोवराकाठच्या कफर्णहूमला पायी जायचे म्हणजे मधले सगळे चढउतार धरूनही अखेरीस साडेपाचशे मीटर खाली उतरायचे. येशू ‘खाली’ कफर्णहूमास गेला असे लूक आणि योहान हे दोघेही शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणारे, नोंदवतात. ते अक्षरशः खरे आहे याची साक्ष चालणाऱ्याचे गुडघे देतात. सुमारे ६५ किलोमीटरांची ही पदयात्रेची वाट २००७ साली आखण्यात आली असून खडकांवर रंगवलेल्या पांढऱ्या-नारिंगी खुणा शोधत ती चालायची असते.

आमच्या गटात एक निवृत्त पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते, एक परिचारिका ताई होत्या, शाळेत शिकवणारा एक तरुण होता आणि माझ्यासारखे आणखी काहीजण होते. निघण्यापूर्वी पाळकसाहेबांनी एक नियम घालून दिला. सकाळी त्या टप्प्यातला एकच शास्त्रभाग वाचायचा, दिवसभर त्यावर हवे तेवढे बोलायचे आणि संध्याकाळी या भागावरून आपण काय करणार एवढेच प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचे. ‘मी अधिक प्रेमाने वागेन’ किंवा ‘देवावर भाव ठेवीन’ अशी उत्तरे ते स्वीकारत नसत. ‘कोणाशी, केव्हा आणि कसे?’ असे विचारत. पहिल्या संध्याकाळी हा नियम मला थोडा शाळकरी वाटला होता, कारण वचनातून घाईघाईने ‘बोध’ काढण्याच्या सवयीची मला मुळातच धास्ती वाटते. परंतु या नियमाने घाई वाढली नाही, उलट ती आटोक्यात आली, कारण करण्याजोगे काही सांगायचे तर मजकूर नेमके काय म्हणतो हे दोनदा पाहावेच लागते.

नासरेथमध्ये आम्ही लूकचा चौथा अध्याय वाचला. येशू आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात जातो, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून वाचतो आणि थोड्याच वेळात तेच गावकरी त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघतात. तो त्यांच्यामधून निघून जातो. या उताऱ्यावर बोलताना बहुतेकांचे लक्ष कड्याकडे लागते, आमचेही लागले. गावाच्या दक्षिणेला परंपरेने दाखवला जाणारा तो डोंगर आहेच. मला मात्र त्या परिपाठाचे अधिक वाटले. ज्या लोकांच्या मनात एवढा राग साठू शकत होता, त्यांच्याच शेजारी बसून तो वर्षानुवर्षे उपासना करत आला होता. शिवाय कड्यावरून सुटल्यावर तो कफर्णहूमला जातो आणि पुन्हा शब्बाथ दिवशी सभास्थानात शिकवतो, हे लूक पुढच्याच वचनात नोंदवतो. चर्चच्या मंडळीतल्या माणसांनी दुखावले म्हणून उपासनेला जाणे सोडून दिलेल्या परिचारिका ताईंनी त्या संध्याकाळी सांगितले, ‘परत गेल्यावर पहिल्याच रविवारी जाईन, आणि मागच्या बाकावर बसणार नाही.’ त्यांच्यावर काय गुदरले होते हे कोणी विचारले नाही.

नासरेथपासून सहाएक किलोमीटरांवर सेफोरिस आहे. गालीलचा शासक हेरोद अंतिपा याने ते नगर नव्याने उभारले, आणि योसेफ व येशू तिथल्या बांधकामावर कामाला जात असतील असे अनेक वाटाडे मोठ्या हौसेने सांगतात. शक्य आहे, पण शुभवर्तमानांत या नगराचे नावसुद्धा येत नाही. शास्त्र जिथे गप्प आहे तिथे आपणही गप्प राहावे, एवढे म्हणून आम्ही पुढे निघालो.

आज काना म्हणून दाखवले जाणारे गाव म्हणजे कफर कन्ना. येशूने कानातल्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केल्याची आठवण म्हणून तिथे चर्च आहे आणि अनेक दांपत्ये तिथे आपल्या विवाहाच्या शपथा पुन्हा घेतात. उत्तरेकडील दरीपलीकडचे खिर्बेत काना नावाचे ओसाड टेकाड हेच मूळ काना असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आमच्या शास्त्रभागापुरता या वादाने फरक पडत नव्हता, कारण दोन्ही जागांपासून कफर्णहूम सरळ रेषेतही २५ किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि आम्ही त्या सकाळी वाचले होते ते लग्नाचे नव्हे, तर त्याच गावात पुढे घडलेले अंमलदाराचे वृत्त, योहान ४:४६ ते ५४.

कफर्णहूमातल्या या राजदरबारच्या अंमलदाराचा मुलगा मरणाच्या दारी आहे. तो डोंगर चढून कानाला येतो आणि ‘माझे मूल मरण्यापूर्वी खाली या’ अशी विनवणी करतो. येशू त्याच्याबरोबर जात नाही. तो एवढेच म्हणतो की, जा, तुझा मुलगा वाचला आहे. योहान लिहितो की त्या माणसाने येशूच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तो निघाला. वाचायला हे एक वाक्य आहे, पण चालायला तो जवळजवळ एक पूर्ण दिवस आहे. आम्ही कानाबाहेर पडून ओक वृक्षांच्या रानातून उतरू लागलो आणि दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे सातव्या ताशी, ज्या वेळी त्याला तो शब्द मिळाला त्या वेळी, एका झाडाखाली थांबलो, तेव्हा सरोवराचा मागमूसही कुठे दिसत नव्हता. त्या माणसाच्या हातात चिठ्ठी नव्हती, औषध नव्हते, बरोबर शिष्यही पाठवला नव्हता. ज्याला सोबत न्यायला आला होता त्याला मागे ठेवूनच त्याला परतायचे होते, आणि वाटेत मन फिरले असते तर पुन्हा चढून जाऊन गयावया करण्याइतका वेळही उरला नसता.

चाकर त्याला वाटेत भेटतात आणि ‘काल सातव्या ताशी ताप गेला’ असे सांगतात. हा ‘काल’ धरून काही उपदेशक असे सांगतात की, त्याचा विश्वास एवढा दृढ होता की तो निवांतपणे मुक्काम करून परतला. मला हे पटत नाही. दुपारी एकला निघालेल्या माणसाला त्या अंतरात अंधार गाठणारच. शिवाय ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणजे त्याच रात्रीही ‘काल’ म्हणता येते. तो कसा चालला, रडत चालला की शांतपणे, हे योहान सांगत नाही, आणि माझ्या मते त्या मौनातच आपल्यासाठी मोठी सोय आहे. विश्वास ठेवणाऱ्याला आतून निश्चिंत वाटलेच पाहिजे अशी अट या वृत्तात कुठेही नाही. त्याने ‘विश्वास ठेवला’ याचा पुरावा म्हणून योहान त्याची मनःस्थिती दाखवत नाही. तो निघाला, एवढेच दाखवतो. कितीतरी विश्वासणारे प्रार्थना करून उठल्यावर आपल्या मनात शांती आली की नाही ते तपासत बसतात आणि आली नाही तर प्रार्थनाच फसली असे समजतात. त्यांच्यासाठी हे वृत्त मोठे दिलासा देणारे आहे. ज्या बाबतीत वचन स्पष्ट आहे, म्हणजे क्षमा करणे, कर्ज फेडणे, आजाऱ्याला भेटणे, खरे बोलणे, त्या बाबतीत भावनेची वाट न पाहता पाऊल टाकावे. खातरजमा वाटेत भेटेल, कदाचित उद्या. त्याच उताऱ्याच्या शेवटी त्याने व त्याच्या सर्व घराण्याने विश्वास ठेवला असे पुन्हा लिहिले आहे, म्हणजे पहिला विश्वास कच्चा असला तरी तो चालवून नेण्याइतका पुरेसा होता. त्या संध्याकाळी मी माझ्या थोरल्या भावाला पत्र लिहीन असे सांगितले, आणि पाळकसाहेबांनी तारीख विचारली तेव्हा तीही सांगितली.

पुढच्या टप्प्यात वाट हत्तीनच्या जोडशिंगांसारख्या टेकडीवर चढते. तिथून सरोवर पहिल्यांदा नीट दिसते, आणि पलीकडे येशूच्या डोंगरावरील प्रवचनाची म्हणून मानलेली उतरणही दिसते. ११८७ सालच्या जुलै महिन्यात क्रूसयोद्ध्यांचे सैन्य सेफोरिसजवळचे झरे सोडून याच बाजूला आले आणि तहानेने कासावीस होऊन सलाहुद्दीनच्या सैन्यापुढे ४ जुलैला पूर्ण पराभूत झाले. ख्रिस्ताच्या वधस्तंभाचे लाकूड म्हणून पूजलेला अवशेष त्यांनी रणात आणला होता. तो शत्रूच्या हाती पडला. आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा हे वचन (मत्तय ५:४४) ज्या उतरणीवर सांगितले गेले असे मानतात, ती डोळ्यांसमोर असताना वधस्तंभ निशाणासारखा पुढे धरून लढाई करायची, याहून मोठी विसंगती मला तरी सुचत नाही. आपल्याकडे सैन्य नसते एवढाच फरक. धर्माचा आधार घेऊन भांडण जिंकण्याची हौस आपल्यालाही असतेच. त्या दिवशी शिक्षकाने ज्याच्याशी त्याचे वाकडे होते त्या सहकाऱ्याचे नाव घेऊन रोज प्रार्थना करण्याचे ठरवले, आणि ‘त्याला सद्बुद्धी दे’ हे वाक्य त्या प्रार्थनेत येणार नाही असेही स्वतःहून जोडले.

टेकडीखाली गव्हाची शेते लागली. वसंत सरत आला होता आणि बांधांवर काटेरी झुडपे कमरेएवढी वाढली होती. येशूने सांगितलेला, बी पेरणाऱ्याचा दृष्टांत तिथेच वाचायचा ठरला होता. वाट, खडकाळ जमीन, काटे आणि चांगली माती या चार जागा मी लहानपणापासून चार वेगळ्या माणसांसारख्या ऐकत आलो होतो. इथे एकाच शेतात, चाळीस पावलांच्या आत त्या चारही दिसत होत्या. पण मला थांबवले ते लूकच्या एका बारकाव्याने. वाटेवर पडलेले बी पाखरांनी खाल्ले असे मत्तय आणि मार्क लिहितात. लूक त्याआधी ‘ते तुडवले गेले’ असे म्हणतो (८:५). शेताच्या मधून जाणारी ती पायवाट सिमेंटसारखी टणक झाली होती, आणि ती तशी झाली होती आमच्यासारख्यांच्या बुटांनी. यात्रेकरू जिथून सर्वांत जास्त जातात तीच जमीन सर्वांत आधी कठीण होते. ज्याला स्तोत्र २३ तोंडपाठ आहे, ज्याने उधळ्या पुत्राचा दृष्टांत असंख्य वेळा ऐकला आहे, ज्याला उपदेश सुरू होताच त्याचा शेवट ठाऊक असतो, तो मनुष्य काट्यांत नसतो की खडकावरही नसतो. तो वाटेवर असतो. बी न उगवण्याचे कारण तिथे पाप किंवा संकट नसते, नुसता सराव असतो. यावर उपाय काय, हे आम्ही बराच वेळ बोललो. पाळकसाहेबांनी सुचवलेला उपाय मला आजही उपयोगी पडतो : परिचित भाग वाचताना आपण ज्या पात्राच्या बाजूने नेहमी वाचतो ते सोडून दुसऱ्याच्या बाजूने वाचायचे, आणि अर्थ लागण्यापूर्वी निदान एक गोष्ट अशी शोधायची जी पूर्वी कधी दिसली नव्हती. ही युक्ती आहे, कृपा नव्हे. पण नांगरणे माणसाच्या हातात आहे, उगवणे नाही.

अर्बेलच्या कड्यावरून खाली उतरताना खडकात बसवलेल्या लोखंडी कड्यांना धरावे लागते आणि त्या वेळी शास्त्राभ्यास कोणालाही सुचत नाही. खाली मग्दाला आहे, जिथे २००९ साली पहिल्या शतकातील सभास्थान उत्खननात सापडले. तिथे लूक ८:१ ते ३ वाचले. येशू आणि बारा शिष्य गावोगाव फिरत होते तेव्हा मरीया मग्दालिया, हेरोदाचा कारभारी खुजा याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने त्यांची सेवा करत होत्या. त्या वाटेचा खर्च कोण करत होते हे लूकने नावांनिशी लिहून ठेवले, आणि आपण मात्र मंडळीच्या अहवालात बहुधा वक्त्यांचीच नावे छापतो.

कफर्णहूमला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. पांढऱ्या चुनखडी दगडाचे सभास्थान उभे दिसते ते चौथ्या-पाचव्या शतकातले. त्याच्याखाली काळ्या बेसाल्टचा जुना पाया आहे. शेजारीच येशूचा शिष्य पेत्र याचे म्हणून मानलेले घर आहे आणि त्यावर १९९० साली बांधलेले, खांबांवर तोललेले चर्च आहे. इतके चमत्कार पाहिलेल्या या गावाला येशूने अधोलोकापर्यंत उतरशील असे सुनावले (मत्तय ११:२३), हे त्या अवशेषांत उभे राहून वाचताना सुखद वाटत नाही. आमचा अखेरचा शास्त्रभाग मात्र योहानाचा सहावा अध्याय होता, कारण जीवनाच्या भाकरीचे ते कठीण भाषण याच गावच्या सभास्थानात झाले असे योहान स्पष्ट लिहितो. ते ऐकून त्याच्या शिष्यांपैकी पुष्कळजण परत गेले व पुढे त्याच्याबरोबर चालले नाहीत. तेव्हा येशू बारा जणांना, तुमचीही जायची इच्छा आहे काय, असे विचारतो. पेत्र ‘हे भाषण आम्हांला कळले’ असे म्हणत नाही. ‘प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार?’ असे तो आधी विचारतो, मग आपला विश्वास कबूल करतो आणि येशूबरोबरच राहतो, कारण दुसरीकडे जाण्याजोगे त्याला काही दिसत नाही. ख्रिस्ती जीवनातली पुष्कळ वर्षे या एवढ्याच उत्तरावर निघतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

संध्याकाळी शिक्षकाने सांगितले की, हा अध्याय त्याला आवडत नाही, येशूचा देह खाणे आणि रक्त पिणे हे त्यातले शब्द त्याला अजूनही खटकतात, तरी तो पुढे वाचत राहणार आहे. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे ‘केव्हा?’ असे विचारले. ‘सातवा अध्याय, आज जेवणानंतर,’ तो म्हणाला, आणि ताईंनी त्याच्याकडे आपली विजेरी दिली, कारण त्याच्या विजेरीतील सेल संपले होते.